तेराव्याचे पागोटे

चाकण,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. खंडू यास,
भिमाजीचे आशीर्वाद.

दादा गेल्याचे तुला आत कळले असेलच. २४ जानेवारीला सकाळी साडेनऊला गेले. त्रास झाला नाही. दवाखान्यातल्या नर्सला कांदा बाजारातली जुनी गोष्ट सांगत होते. ती म्हणाली, "मग पुढे काय झालं, बाबा?" आणि पुढे काही आले नाही. ती बिचारी तशीच उभी राहिली. त्यांच्या तोंडून अर्धी राहिलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

मला पत्रे लिहायची सवय नाही. आकुर्डीच्या कंपनीत बत्तीस वर्षे तपासणी विभागात काढली, तिथे "योग्य" आणि "अयोग्य" एवढेच लिहावे लागे. पण जे घडले आहे ते कोणाला विचारावे हे कळेना, आणि दादांचे सगळे व्यवहार माहीत असलेला तू एकटाच आहेस, म्हणून लिहितो.

तेराव्याला शालनवहिनींच्या भावाने मला पागोटे बांधले. यात विशेष काही नाही. दादांना मुलगा नाही, उत्कर्षा एकटी. घरचा कर्ता गेला की मागे राहिलेल्या भावाला पागोटे बांधतात, ही आपली रीतच आहे. पाहुणे टॉवेल-टोपी देऊन गेले. मला वाटले, झाले.

मंडपाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या शर्टातली पन्नासेक माणसे उभी होती. मी त्यांना आचाऱ्याची माणसे समजत होतो. ती एकेक करून आली आणि माझ्या पाया पडली. त्यातला एक दाढीवाला म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही सांगाल तसं."

मी म्हणालो, "आधी जेवून घ्या."

तो मागे वळून ओरडला, "अण्णांनी सांगितलंय, आधी जेवून घ्या!" आणि पन्नास माणसे एका दमात खाली बसली. आमच्या भावकीत पंगत बसवायला अर्धा तास लागतो.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा पागोट्यातला फोटो आणि खाली "शांत वादळ भिमाअण्णा". फोटोत मी रडवेला आहे, पण ते शब्द वाचल्यावर रागीट दिसतो. तेव्हापासून रोज सकाळी माणसे ओट्यावर येऊन बसतात. काही मागत नाहीत, नुसती बसतात.

तुला माहीत आहे, मी दादांच्या धंद्यापासून दूर राहिलो. मी कंपनीच्या बसने जायचो आणि त्यांची पांढरी गाडी बसच्या बरोबरीने चालायची. काच खाली करून ते ओरडायचे, "भिमा, उतर! गाडीत बस की!" मी खिडकीतून दुसरीकडे पाहायचो. आता वाटते, एखादे दिवशी बसायला हवे होते.

तर विचारायचे ते असे. पागोटे बांधायची रीत आहे, तशी सोडायची काही रीत आहे का? मी भटजींना विचारले. ते म्हणाले, "ते आपोआप सुटतं, पण तेव्हा आपण नसतो." ओट्यावरच्या माणसांना काय सांगू ते कळव.

तुझा,
भिमाजी


कारागृह,
२६ फेब्रुवारी

तीर्थरूप भिमाअण्णांस,
खंडूचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आमची पत्रं आधी हितले साहेब वाचत्यात, मग देत्यात. ते नर्सचं वाचून साहेबांनी चष्मा पुसला. मी तर जेवलोच न्हाई त्या दिशी.

अण्णा, तुमी लांब ऱ्हायलात म्हणून तुमाला दादा निम्मेच ठाऊक. त्यांनी सुरुवात कांद्यापासनं केली. हमालांच्या टोळीत दादा सगळ्यात बारीक. पोतं उचलंना. मग त्यांनी उचलायचं सोडलं आन् कुणाचा ट्रक आधी खाली व्हनार ते ठरवायला लागले. कुणी नेमलं न्हवतं. नुसतं ट्रकाम्होरं उभं ऱ्हायचं आन् बोलायचं. डायवर वैतागून म्हणायचा, बाबा तू सांगशील तसं.

मग कंपन्या आल्या. आपली रानं गेली. भंगाराचा ठेका, पाण्याचे टँकर, कामगारांच्या बस, सगळं दादांनी एकेक करून धरलं. एखादा साहेब ठेका देत नसंल तर त्याला जत्रंला बोलवायचे. बैलगाड्याच्या शर्यतीला स्टेजवर खुर्ची द्यायची, फेटा बांधायचा, आन् दादांनी माईक घ्यायचा. सकाळी दहाला सत्कार सुरू. दुपारी चार वाजले तरी दादा बोलत्यातच. वर ऊन. स्टेजच्या पायरीवर आमी बसलेलो, साहेबाला उतरायला वाट न्हाई. एक साहेब म्हणाला व्हता, "मला मारा, पण भाषण थांबवा." चारच्या आत सगळे सह्या करायचे.

हे झालं हसायचं. न हसायचंबी व्हतं. ज्यांनी सही केली न्हाई त्यांच्या गाड्या जळाल्या. ज्योतीराम ट्रान्सपोर्टवाल्याचा पाय मोडला. मी त्याच्याचपायी हितं हाय. अजून अकरा म्हैने.

आता तुमचं. काईच बोलू नका. कुणी काय विचारलं तर "पाहू" म्हणा. आपली माणसं बोलण्याला सवकलेली हायत. तुमी गप बसलात की चार दिसात कंटाळून जात्याल.

वहिनींना आन् उत्कर्षाताईंना नमस्कार.

तुमचा,
खंडू


चाकण,
२० मार्च २०२४

चि. खंडू यास आशीर्वाद.

तुझा सल्ला मानला. मला तो अवघड नव्हता, कारण मी तसाही बोलत नाही. परिणाम उलटा झाला.

गेल्या आठवड्यात दोन टँकरवाले आले. एका रस्त्यावर कोणी टँकर चालवायचा यावरून भांडण. दोघे अर्धा तास बोलले. त्यांनी एक कागद पुढे केला. माझा चष्म्याचा नंबर बदलला आहे, म्हणून मी कागद लांब धरला आणि डोळे बारीक केले. एकाच्या कपाळावर घाम आला. तो म्हणाला, "अण्णा, तसं नका बघू. मी सोडतो तो रस्ता." दुसरा म्हणाला, "नाही अण्णा, मीच सोडतो." आता त्या रस्त्यावर कोणाचाच टँकर जात नाही, आणि तिथल्या सोसायटीच्या बायका मला भेटायला येणार आहेत.

पण खरी गोष्ट धोंडीबाची. दादांच्या विरुद्ध बाजूचा माणूस, दोघांनी एकमेकांची डोकी फोडली, हे मलाही ठाऊक आहे. पण तो दादांच्या वर्गातला. लहानपणी आमच्याकडे जेवायला असायचा. परवा तो द्राक्षांची पेटी घेऊन आला. सोबत चार माणसे. दुर्गाबाईने चहा दिला. मला साखर चालत नाही, त्यामुळे आमच्याकडे चहा सगळ्यांनाच बिनसाखरेचा होतो. त्याने एक घोट घेतला आणि आपल्या माणसांकडे पाहिले.

"भिमाअण्णा," तो म्हणाला, "काय असंल ते एकदाच बोलून घेऊ."

मी म्हणालो, "पाहू."

"म्हंजे तुमचं ठरलंय."

मी गप्प राहिलो. त्याच्याकडे पाहताना मला दादाच आठवत होते. दोघे एका सायकलवर शाळेत जायचे. मग मनात आले ते मी विचारले. कोणत्याही सोयऱ्याला विचारतात तसेच विचारले. म्हणालो, "तेराव्याला आला नाहीत."

धोंडीबाने कप खाली ठेवला. "ती चूक झाली, अण्णा," तो म्हणाला. "नातीचं कान टोचायचं होतं. आईशप्पथ. मी यायला निघालो होतो."

मी म्हणालो, "असो."

"असो म्हणू नका, अण्णा! काय ते स्पष्ट सांगा!"

मी काय सांगणार? तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची माणसे दोन कंपन्यांच्या गेटवरून निघून गेली. दाढीवाला पेढे घेऊन आला. म्हणाला, "दादांना वीस वर्षांत जमलं नाही, तुम्ही बिनसाखरेच्या चहावर केलंत."

दुर्गाबाई म्हणते, "चाळीस वर्षांच्या संसारात मी म्हणतेय की तुम्ही गप्प बसलात की भीती वाटते. तुम्हाला वाटायचं मी भांडते."

खंडू, हे हसण्यावारी नेऊ नकोस. मी वाईट वाटून विचारले आणि तो भिऊन गेला. दुसरा काहीतरी उपाय सांग.

भिमाजी


कारागृह,
२ एप्रिल

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

"तेराव्याला आला न्हाईत!" अण्णा, हे वाक्य सगळ्या बराकीत झालंय. हितली पोरं एकमेकांना तेच म्हणत्यात. बिनसाखरेच्या चहाचं तर इचारूच नका. साहेबांनीबी दोनदा वाचलं. म्हणाले, धोंडीबाचं फुडं काय झालं ते तुझ्या अण्णांना लवकर लिहाया सांग, मी जूनमधी बदलून जाणार.

उपाय इचारलात. अजून थोडं दम धरा. एवढ्यात कुणाला काई सांगू नका. लगेच सांगितलं तर बरं दिसणार न्हाई. दादांचं वर्ष तरी व्हऊ द्या.

माझं बरं चाललंय. माझी चटई पंख्याखाली आलीय. सहा वर्सं संडासापाशी व्हती.

खंडू


चाकण,
१५ मे २०२४

चि. खंडू यास आशीर्वाद.

मला तडीपारीची नोटीस आली आहे.

दोन पोलीस घेऊन आले. त्यातला एक माझ्या पाया पडला आणि मग त्याने सही घेतली. नोटीस चार पानांची आहे. मी ती तीनदा वाचली. त्यात लिहिले आहे की मी माझे थोरले बंधू कै. हिंदुराव यांच्या टोळीचा सध्याचा प्रमुख असून परिसरात माझी प्रचंड दहशत आहे. पुरावा काय, तर माझ्याविरुद्ध आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही. "सदर इसमाच्या भीतीपोटी कोणीही तक्रार देण्यास धजावत नाही." वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत मी कोणाला तक्रारीला जागा ठेवली नाही, ते असे उपयोगी पडले.

एक वर्ष पुणे जिल्ह्यात पाऊल टाकता येणार नाही असा प्रस्ताव आहे. जुलैत सुनावणी आहे. मी चाकण सोडून कधी राहिलो नाही. शालनवहिनी एकट्या आहेत. दुर्गाबाईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे, तिच्याजवळ कोणी हवे. हे सगळे सोडून मी कुठे जाऊ?

उत्कर्षा हिंजवडीहून सुट्टी काढून आली. तिने वकील पाहिला. वकील म्हणाले की सोपे आहे, टोळी तुमची नाही एवढे आतल्या कोणीतरी लिहून दिले तर पुरे. मी त्यांना म्हणालो, असा माणूस आहे.

तेव्हा तू एक पत्र लिही. जे खरे आहे तेवढेच. की भिमाजीचा दादांच्या कामाशी कधीही संबंध नव्हता, आणि आत्ताही नाही. पागोटे ही फक्त घरची रीत होती. तारीख आणि सही विसरू नकोस. बाकी काही मागत नाही.

भिमाजी


कारागृह,
३ जून

तीर्थरूप भिमाअण्णांस,
पायावर डोकं ठेवून खंडूचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन धा दिस झाले. लिहायला हात धजंना. साहेब रोज इचारत व्हते, लिहिलंस का? आज म्हणाले, तू लिव्हत न्हाईस तर मीच लिव्हतो. म्हणून बसलो.

अण्णा, तुमाला अण्णा मी केलं. पागोट्यानं न्हाई. दादा गेल्याचं कळलं त्या दिशी संध्याकाळच्या मोजणीला धोंडीबाची पोरं माझ्याकडं बघून हसली. सहा हायत याच बराकीत. दादा व्हते तवर मला कुणी हात लावला न्हाई. मी तवाच मोठ्यांदा म्हणालो, "हसू नका. दादांच्या जागी भिमाअण्णा बसणार हायत." मुलाखतीला दाढीवाला आला व्हता, त्यालाबी तेच सांगितलं. तो तेराव्याला तुमच्या पाया पडला तो माझ्या सांगण्यावरनं. पागोटं बघून बाकीच्यांची खात्री पटली. मला वाटलं, तुमी बोलत न्हाई, कुणाला कळायचं न्हाई, अकरा म्हैने निघून जात्याल. तुमच्यावर हे येईल असं ध्यानात आलं न्हाई. चटई पंख्याखाली आली ती तुमच्यामुळं.

आता दुसरं. ज्योतीरामचा पाय मी मोडला न्हाई. मी त्या दिशी सासरवाडीला व्हतो, मेव्हणीच्या हळदीला. दादांनी सोताच्या हातानं मोडला. बोलून बोलून थकले आन् पहार उचलली. मग माझ्याकडं आले आन् लई रडले. म्हणाले, "खंडू, उत्कर्षाची बारावी हाय. परीक्षा व्हईस्तवर तू आत जा, मग मी बघतो." परीक्षा झाली. इंजिनेरिंग झालं. हिंजवडीला नोकरी लागली. मी हितंच. साहेब म्हणत्यात हे त्यांनी आधीच वळखलं व्हतं. असूं दे. शिक्षा तर भोगून व्हतच आली.

मला त्याचा राग न्हाई. म्हैन्याला भेटायला यायचे, तासभर बोलायचे. मुलाखत ईस मिनटांची असती, पण शिपाईबी ऐकत उभे ऱ्हायचे.

येगळं पत्र लिव्हत न्हाई. हेच दाखवा सुनावणीला. यात समदं खरं हाय. माझं फुडं काय व्हायचं ते व्हईल, सात म्हैन्याचा तर सवाल हाय. तुमी घर सोडू नका. दुर्गावहिनींचा गुडघा व्हऊ द्या.

तारीख वर टाकलीय. सही खाली हाय.

खंडू


बार्शी,
२२ जुलै २०२४

चि. खंडू यास,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता पाहून तुला कळेलच. मी इथे इंदुताईकडे, धाकट्या बहिणीकडे आहे. सुनावणी ९ तारखेला झाली.

तुझे पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसलो होतो. वकील खुशीत होते. जिना चढताना म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, अण्णा. पत्र द्यायचं, घरी जाऊन जेवायचं." बाहेर व्हरांड्यात दाढीवाला आणि आणखी दहाबारा जण उभे होते. धोंडीबाची दोन माणसेही होती. तिथे जे बोलले जाईल ते संध्याकाळपर्यंत तुझ्या बराकीत पोहोचेल, हे मला त्यांच्याकडे पाहूनच कळले.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारले, "हिंदुरावांच्या मागे टोळी तुम्ही चालवता?"

वकिलांनी मला कोपराने ढोसले. मी काही बोललो नाही.

साहेब म्हणाले, "तुमच्या बाजूने काही कागद असेल तर द्या. मी वाचतो."

साहेब सज्जन वाटले. वाचले असते त्यांनी. मी म्हणालो, "नाही."

वकिलांनी पिशवीकडे हात नेला. मी त्यांच्याकडे पाहिले. मी नुसते पाहिले, खंडू, पण त्यांनी हात मागे घेतला आणि फाईल बंद केली. ते मला अजून घाबरून आहेत. फी देखील घेतली नाही.

साहेबांनी पुन्हा टोळीचे विचारले. मी खाली पाहत राहिलो. कारकुनाने टाइप केले, "सामनेवाला यांनी आरोप नाकारले नाहीत." मला वाचायला दिले. वाचले आणि सही केली. एका वर्षाची तडीपारी.

दुर्गाबाईला सांगायचे मोठे संकट होते. मी तुझे पत्र तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्या पोराला मी त्याच्या लग्नात पुरणपोळी वाढली होती. नऊ खाल्ल्या होत्या." आणि माझी बॅग भरायला लागली. तिचे ऑपरेशन उत्कर्षा आणि शालनवहिनी करून घेणार आहेत. ती मला म्हणाली, "माझ्या गुडघ्याला तुमचा काय उपयोग? तिथे बसून तुम्ही डॉक्टरलाही घाबरवाल."

एसटी स्टँडवर पांढऱ्या शर्टातले सगळे पोहोचवायला आले. दाढीवाला रडत होता. म्हणाला, "अण्णा, आम्हाला काहीतरी सांगून जा. सहा महिने झाले, तुम्ही एक शब्द सांगितला नाही. तुमच्या शब्दाशिवाय आम्ही काही करत नाही. गेटवर जाणं बंद, गाडी अडवणं बंद. पोरं कंटाळून नोकरीला लागली, राव. चौघं कंत्राटी कामगार झालीत. मी स्वतः कामगारांची बस चालवतोय. ओव्हरटाइम पण करतो."

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी काही न बोलल्यामुळे सगळेच थांबले आहे. मी त्याला म्हणालो, "मी परत येईपर्यंत काही करू नका."

तो वळून ओरडला, "अण्णांनी सांगितलंय, ते येईपर्यंत काही करायचं नाही!" स्टँडवरचे लोक बघायला लागले. कंडक्टरने मला पुढची सीट दिली.

इंदुताईने इथे काही सांगितलेले नाही. शेजारी मला तिचा निवृत्त भाऊ म्हणून ओळखतात. संध्याकाळी पारावर बसलो तर कोणी उठून जागा देत नाही, सरकून घ्यावे लागते. बरे वाटते. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी द्यायला जातो. तिथला हवालदार मला म्हणाला, "आजोबा, तुमचा मुलगा तडीपार आहे का?" मी म्हणालो, "पाहू."

ज्योतीरामलाही निघायच्या आदल्या दिवशी भेटून आलो. काठी घेऊन चालतो. मी त्याला सांगितले की पाय दादांनी मोडला, खंडूने नाही. तो म्हणाला, "मला माहीत आहे, अण्णा, मी तिथंच होतो की." त्याच्यासमोर मला फार लाज वाटली. त्याने चहा दिला. मी तो साखरेचा असूनही पूर्ण प्यायलो.

जानेवारीत तू सुटशील. मला तिकडे यायला जुलैपर्यंत बंदी आहे, तेव्हा तुलाच इकडे यावे लागेल. बार्शीची गाडी सकाळची धर. दादा गेल्यापासून माझ्याकडे शेकडो माणसे आली, पण आली ती सगळी भिऊन आली. दुखवट्याला म्हणून कोणीच आले नाही. तू ये.

भिमाजी